दोन सूत

"या वेळी जास्तीचं ठेवू नका, बाबा," मुलगी म्हणाली.

थोरल्याने मशीनवरून मान वर केली नाही. "कसलं जास्तीचं?"

"दोन सूत. दर वेळी ठेवता ते. मला शाळेत असल्यापासून माहितीय."

थोरल्याने पत्र्याच्या भिंतीकडे पाहिलं. पलीकडे त्याचा धाकटा भाऊ शीळ घालत होता. शीळ घालणारा माणूस कान देऊन ऐकत असतो, असं थोरल्याचं ठाम मत होतं.

वडील गेल्यावर कारखान्याची वाटणी झाली होती. थोरल्याकडे लेथ आणि कापायचं मशीन आलं, धाकट्याकडे ग्राइंडर आणि वेल्डिंग. म्हणजे एकाला जोडता येईना आणि दुसऱ्याला कापता येईना. यामुळे पोरं एकत्र राहतील असा वडिलांचा हिशेब असावा. पोरांनी मध्ये पत्रा ठोकला आणि पत्र्याला खिडकी पाडली. सोळा वर्षं त्या खिडकीतून लोखंड जात-येत होतं. शब्द क्वचित. दोघांच्या मोजायच्या टेपा वेगळ्या. घर एकच, जेवायला समोरासमोर बसत. पण तेव्हाही टेप कोणी खिशातून काढून ठेवत नसे.

वेल्डिंगच्या आधी धाकटा कापलेल्या कडा घासून घेई. तो गरजेपेक्षा जास्त घासतो, मुद्दाम घासतो, माप चुकावं आणि खापर आपल्या माथी फुटावं म्हणून घासतो, असा थोरल्याचा संशय होता. पुरावा नव्हता, पण पुराव्यासाठी थांबतो तो संशय कसला. थोरला मुकाट्याने प्रत्येक कापाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त ठेवी. सोळा वर्षांत कारखान्यातून गेलेला एकही तुकडा मापासाठी परत आला नव्हता. यावरून धाकटा चोर असल्याचं थोरल्याच्या दृष्टीने सिद्धच होत होतं.

आता मशीनवर होता तो मुलीच्या गाडीचा ॲक्सल, दोन चाकांमधला आडवा कणा. तिने एका जुन्या, दोन सीटच्या गाडीत ट्रकला शोभेल असं इंजिन बसवलं होतं. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. तिची आई जावई म्हणे, कारण दुसरा कोणी येण्याचं चिन्ह नव्हतं. त्या इंजिनपुढे साधा ॲक्सल काडीसारखा मोडला असता, म्हणून तिने दीड वर्षं भंगारवाल्यांचे उंबरे झिजवून ट्रकचा मागचा ॲक्सल मिळवला. तो भक्कम होता आणि रुंदही. चाकं दोन्हीकडे वीतभर बाहेर येत. तेव्हा ॲक्सलच्या मधोमध असलेल्या गिअरच्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या आखूड करायच्या होत्या, म्हणजे मधला तुकडा कापून काढायचा आणि टोकं परत जोडायची. नळ्यांच्या आतून चाकांपर्यंत जाणारे शाफ्ट दुसरीकडून आधीच कापून आले होते. शर्यत रविवारी होती. असा दुसरा ॲक्सल कुठेच नव्हता.

"शाफ्ट नेमक्या मापाचे आहेत, बाबा. नळी सूतभरही इकडेतिकडे चालणार नाही. काका माझ्या कामात लबाडी करणार नाहीत."

"तुझ्या काकाला मी तुझ्याआधीपासून ओळखतो."

"म्हणूनच म्हणते. माझ्यासाठी एकदा विश्वास ठेवून बघा."

"तुझा तो काका आहे. माझा भाऊ आहे. फरक असतो."

ती शाफ्टवरचं तेल फडक्याने पुसत उभी राहिली. ती अशी गप्प राहिली की थोरल्याला तिची आजी आठवे, आणि आजीपुढे या घरात कोणाचं काही चाललं नव्हतं.

थोरल्याने खडूची रेघ पुसली आणि दोन सूत आत दुसरी मारली. बरोबर मापावर. मग दोन्ही नळ्या रेघेवर कापल्या. कापून झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. असं पूर्वी कधी वाटलं नव्हतं, म्हणून तो रक्तदाब तपासून घ्यायचा विचार करू लागला.

ॲक्सल आणि नळ्यांची टोकं खिडकीतून पलीकडे गेली. ग्राइंडर सुरू झाला. एरवी तो आवाज लांबला की थोरला भिंतीला कान लावी. आज तो जागचा हलला नाही. भावाच्या ग्राइंडरचा आवाज कान न लावता ऐकणं हे एक प्रकारचं मोठेपण आहे, असं त्याला वाटून गेलं.

दुपारी धाकटा ॲक्सल ढकलगाडीवर घालून स्वतः अलीकडे आला. जोड सुरेख होते. मुलीने शाफ्ट आत सरकवला. तो गेला, गेला आणि अडला. टोक पाव इंच बाहेर राहिलं. तिने तळहाताने दाब दिला. मग दुसऱ्या बाजूचा शाफ्ट घातला. तोही पाव इंच बाहेर. ती उकिडवी बसली आणि बसूनच राहिली.

"किती घासलंस?" थोरल्याने विचारलं.

"नेहमीएवढंच. दोन सूत."

"का?"

"का म्हणजे? तू दर वेळी दोन सूत जास्त ठेवतोस, मला त्रास व्हावा म्हणून. सोळा वर्षं मी तोंडातून शब्द न काढता घासतोय."

"या वेळी ठेवलं नव्हतं."

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. मग वाकून मशीनखाली पडलेला, नळीतून कापून काढलेला तुकडा उचलला. खिशातून स्वतःची टेप काढली आणि मोजलं. तुकडा फिरवून पुन्हा मोजलं. माप तंतोतंत होतं. त्याचा चेहरा हळूहळू कठोर झाला.

"पोरीच्याच कामात बरोबर कापलंस," तो म्हणाला, "आणि मला कळूही दिलं नाहीस. डाव काय होता तुझा, दादा?"