बिनआवाजाची गाडी

नवी इलेक्ट्रिक बाइक दारात लागली तेव्हा शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "नशीब काढलंस गं! ना धूर, ना कटकट. नवरा कधी आला, पत्तासुद्धा लागायचा नाही."

ती कसंनुसं हसली. जुन्या बाइकची फटफट चौकातूनच ऐकू यायची. तो जिना चढेपर्यंत टीव्ही बंद व्हायचा, पसारा उचलला जायचा, लेक पुस्तकात डोकं खुपसून बसायची. आता गाडी बदलली होती. मारकुटा हात तोच होता.

"बाबा, गल्लीत शिरताना हॉर्न वाजवाल?" लेकीने भीत भीत विचारलं.

"का? महाराणी स्वागताला खाली येणार वाटतं!"



तिसऱ्याच दिवशी मायलेकी खळखळून हसताना सापडल्या.