कंसातलं नाव

"काळजी करू नका डॉक्टरसाहेब. निबंधातल्या आधाराचं तेवढं बघतो मी," असं म्हणत केदारनाथ सरांनी फोन ठेवला आणि दारात उभ्या असलेल्या मनिषाकडं पाहिलं. "बोल बाई. बस."

मनिषा बसली नाही. बसलं की धीर सुटतो, हे तिला ठाऊक होतं.

"सर, मागच्या आठवड्यात बीडच्या परिषदेत तुम्ही निबंध वाचला. त्यातली निम्मी वाक्यं माझ्या प्रबंधातली होती. माझं नाव एकदाही आलं नाही."

एवढं बोलायला तिला आठ दिवस लागले होते. पीएचडी सरांच्याच हाताखाली. विषय ऊसतोडीला जाणाऱ्या आणि गर्भपिशवी काढलेल्या बायांचा. त्यासाठी तिनं केज तालुक्यातल्या वस्त्या पायाखाली घातल्या होत्या. नवऱ्याजवळ जे बोलल्या नाहीत ते बाया चुलीपाशी तिच्याजवळ बोलल्या.

सुरुवात झाली ती दगडाबाई आत्याच्या सुनेपासून. डॉक्टरनं बबिताची पिशवी काढली, टाके वाळले नव्हते तोवर मुकादमाचा ट्रक दारात आला. हातात कोयता घेऊन गेलेली बबिता त्याच ट्रकमधून चादरीखाली परत आली. त्या दिवशी आत्यानं मनिषाचा हात धरला होता. "मने, तू शिकलेली हायस. तू लिही. आमचं कोन ऐकतंय?"

पण आत्याच्याच खडकवस्तीवरच्या मुलाखती राहून गेल्या होत्या. दिवाळीनंतर मनिषा गेली तेव्हा घराघराला कुलपं होती. अख्खी वस्ती कारखान्यावर. तिनं सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "राहू दे. एका वस्तीनं काय होतंय? मी बघून घेतो."

निबंधाचं तिनं गिळलंही असतं. पण अप्पांनी गिळू दिलं नाही. तिचे वडील उत्तरेश्वर थोरवे म्हणजे जन्मभर कीर्तनात टाळ धरून उभा राहिलेला माणूस. दुसऱ्याचा एक शब्द उसना घेतला तरी कानाची पाळी धरणारा.

"अगं, एवढे मोठे कीर्तनकार, पण सोताच्या पदरचं कायबी बोलत न्हाईत. आधी संताच्या अभंगाचं प्रमाण! ज्याचा शब्द, त्याचं नाव. ते सोडून बोलला तर टाळकरी टाळ खाली ठेवतील. अन् तुझा सर काय देवापेक्षा मोठा लागून गेला?"

"अप्पा, आमच्यात नाव असं गाऊन घेत नसतात. वाक्य संपलं की कंसात घालतात. आडनाव आणि साल."

"कंसात?" अप्पा पोट धरून हसले होते. "पोरी, कंसाच्या तावडीत गेलेलं कधी सुटलंय का?" मग डोळे पुसत म्हणाले, "पर जा तू. हक्कानं माग."

म्हणून ती आली होती. सर ओरडतील, असं तिला वाटलं होतं. सरांनी नुसता चष्मा काढून पुसला.

"चुकलंच माझं. छापायला जायचंय अजून. शेवटी संदर्भसूचीत तुझं नाव घालतो."

"शेवटी नको सर. मजकुरात पाहिजे. जिथल्या तिथं."

"प्रत्येक वाक्याला?"

"प्रत्येक वाक्याला."

"नंतर म्हणशील, नको होतं."

"काहून म्हणेन सर?"

सर पहिल्यांदाच हसले. "बरं. थोरवे, दोन हजार पंचवीस. पानोपानी दिसशील. अंक तुझ्या घरीच पाठवतो."

एसटीत खिडकीशी बसून मनिषा रडली. माणूस वाटला तेवढा वाईट नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

अंक वैशाखात आला, गावात सप्ताह चालू असताना. अप्पांनी तो फोडला नाही. टाळाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला. फोनवर म्हणाले, "काल्याच्या कीर्तनाला ये. देवापुढंच उघडू."

मनिषा बसमधून उतरली ती थेट मंडपात. कारखान्यावरून परतलेली खडकवस्ती पुढंच बसली होती. बायांच्या पहिल्या रांगेत दगडाबाई आत्या, तिच्या मांडीवर बबिताची लेक. कीर्तनकार राधाकिशन महाराजांनी काल्याची हंडी फोडली, लाह्यांचा प्रसाद वाटला आणि मनिषाला पुढं बोलावलं. शाल आली, नारळ आला. अप्पांनी फडकं सोडून अंक महाराजांच्या हातात दिला.

महाराजांनी पानं चाळली. "थोरवे. हितं थोरवे. हितंबी थोरवे! अहो, आत्ताच तुमाला कंस मारल्याचं सांगितलं, अन् आपली लेक तर पानोपानी कंसात जाऊन बसलीया!"

मंडप हसला. अप्पांनी आनंदानं टाळ वाजवला.

"महाराज," आत्या उठून उभी राहिली. नात तिच्या खांद्याला चिकटली. "आमच्या वस्तीचं वाचा की. माझ्या बबिताचं काय लिवलंय पोरीनं, ते समद्यांला ऐकू द्या."

"आत्या, तुमच्या वस्तीचं त्यात न्हाई..." मनिषा म्हणाली. पण टाळ अजून थांबले नव्हते.

"हाय की! हे काय, खडकवस्ती," महाराज म्हणाले. त्यांनी पानावर बोट ठेवलं. टाळ थांबले, मंडप शांत झाला. मग प्रमाण वाचावं तसं, एकेक अक्षर मोकळं करत, शेवटच्या माणसापर्यंत पोचेल अशा आवाजात त्यांनी वाचलं:

"खडकवस्तीतील स्त्रियांनी गर्भपिशवी स्वखुशीने काढून घेतली. कोणाचाही दबाव नव्हता आणि नंतर कोणालाही त्रास झाला नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले. कंसात, थोरवे, दोन हजार पंचवीस."