सिमेंटचा उतार

कडाड्! जीपच्या पोटात काहीतरी तुटलं आणि दोराला बांधलेली होडी दोन हात मागे घसरली. खालच्या माणसांनी खांदे लावून ती कशीबशी अडवली. शेफालीने ब्रेक दाबून धरला. उतरून बघायची गरजच नव्हती. पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा शाफ्ट पुन्हा गेला होता. आठवड्यात दुसऱ्यांदा.

"झालं!" तिचा चुलतभाऊ हितेश ओरडला. "अगो, स्कूटी चालव तू! नायतर रील बनव. हितं होड्या चढवायच्या हायेत."

सगळे हसले. शेफालीनेही ओठ ताणले, पण आत नुसती खदखद. वारा फिरला होता. समुद्र गढूळ झाला होता. कोळीवाड्याच्या निम्म्या होड्या अजून पाण्यातच होत्या, आणि पावसाळ्याआधी त्या वर आल्याच पाहिजेत.

होड्या ओढायचं काम तिच्या बाबांचं, हरेश्वरचं. इतकी वर्षं त्यांनी ही जुनी जीप चारही चाकांच्या जोरावर चालवली आणि कधी एक नट तुटला नाही, असं अख्खा कोळीवाडा सांगायचा. यंदा त्यांचा गुडघा गेला. शेफालीला नुकतंच लायसन्स मिळालेलं. "मी चालवते ना!" ती उड्या मारत म्हणाली होती. आणि आता बाबांचा निरोप आला होता: मी येतोय, किल्ली हितेशला द्यायची.

होडीला ओंडक्यांची अटक लावून, दोर सोडून माणसं पांगली. तिला एका जागी बसवेना. जीपभोवती ती नुसती येरझाऱ्या घालत राहिली. काय चुकलं? क्लच अलगद सोडला होता. गिअर बरोबर होता. मग तिला लालबागचा स्पेअर पार्टवाला आठवला. पहिल्यांदा तुटला तेव्हा शाफ्टचा नवा जॉइंट देताना त्याने सहज विचारलं होतं, "पुढचा-मागचा डिफरन्शियल एकाच रेशोचा आहे ना? म्हणजे चाकाच्या एका फेरीला दोन्हीकडे शाफ्ट सारखाच फिरतो ना?" ती ऐटीत "हो" म्हणून मोकळी झाली होती. डोंबल माहीत होतं तिला! डिफरन्शियलसकट मागचा एक्सल तर बाबांनी कधीकाळी दुसऱ्याच गाडीचा आणून बसवला होता.

ती धावत घरी गेली. येताना खडू घेऊन आली, आणि आईलाही.

"म्हावरं सोडून चाकं फिरवायला लावतेस मना!" राधाबाई पदर खोचत करवादल्या. "तुजा बापूस बघल तर काय बोलल?"

"आये, दोन्ही चाकं एकदम फिरली पायजेत, तरच हिशोब लागतो. तू तिकडून, मी इकडून. एकच फेरी."

जीप जॅकने उचलून त्यांनी खाली लाकडी ठोकळे सरकवले. चाकावर खडूची रेघ, शाफ्टवर खडूची रेघ. शेफाली खाली आडवी झाली, एक हात आपल्या बाजूच्या चाकावर. आधी मागची चाकं. चाकाच्या एका फेरीत शाफ्ट चार वेळा फिरला, वर जेमतेम बोटभर. मग पुढची. तुटलेल्या शाफ्टचा उरलेला तुकडा चार फेऱ्या फिरला आणि थांबेचना. आणखी अर्धी फेरी घेतली, तेव्हा कुठे थांबला.

शेफाली तशीच पडून राहिली. म्हणजे इंजिन एक, पण चाकांचे वेग दोन. मागची चाकं पुढे पळत होती आणि पुढची त्यांना मागे खेचत होती. ताण जाणार कुठे? सगळा बिचाऱ्या शाफ्टवर.

पण मग बाबांच्या हातून कसा नाही तुटला?

तिची पाठ गार पडली होती. पाठीखाली सिमेंट होतं. गेल्याच हिवाळ्यात घातलेला नवाकोरा उतार. त्याआधी इथे सगळी वाळू. वाळूत चाकं हवी तशी घसरायची आणि ताण तिथल्या तिथे सुटायचा. सिमेंट कुणाला घसरू देत नव्हतं.

तिला नाचावंसं वाटलं. तिची चूक नव्हती! आणि दुसऱ्याच क्षणी तिला बाबांनी बसवलेला मागचा एक्सल आठवला. मग चूक कोणाची?

हरेश्वर काठी टेकत आले. मागोमाग माणसं जमली. हितेशने येता येताच हात पुढे केला होता.

"काय झालं गो?" बाबांनी विचारलं.

"बोल की!" आईने कोपर मारलं.

शेफालीने तोंड उघडलं. समोर तीच माणसं होती, जी बाबांचं नाव घेऊन आपल्या पोरांना दटावायची. तिने तोंड मिटलं. खिशातून किल्ली काढली आणि हितेशच्या तळहातावर ठेवली.

"माझ्या हाताला नाय जमत," ती म्हणाली.

"मी बोललोच व्हतो," हितेश म्हणाला.

हरेश्वरांची नजर शाफ्टवरच्या खडूच्या रेघेवर खिळली होती. काठी टाकून, दुखरा गुडघा सांभाळत ते खाली बसले. "राधा, तिकडचं चाक धर." मागे एक फेरी. पुढे एक फेरी. मग परत मागे. एव्हाना हसणारे वाकून बघू लागले होते. हरेश्वरांनी हात चाकावरून काढला आणि सिमेंटवर टेकवला. तळवा हळूहळू फिरवत राहिले, कितीतरी वेळ. शेफालीला वाटलं, आता ही जमीन पोटात घेईल तर बरं.

मग ते उठले.

"किल्ली परत दे तिला," ते हितेशला म्हणाले. आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने पुढे म्हणाले, "ही गाडी मी कंदी चालवलीच नाय रे. वालूनं चालवली."