चष्मा घरी राहिला

दीपा मोबाईल उंच धरून बांधावरून पळत येताना दिसली, तसा घर पाडायला आलेल्या चंद्रभानने नाकावरचा चष्मा काढून गुपचूप खिशात घातला.

"थांबवा साहेब! हायकोर्टाची स्थगिती आलीय! वकिलांनी आत्ताच पाठवली." पोरीला धाप लागली होती. मागे तिची आजी मंगळी अंगणात भांड्यांपाशी उभी होती, आणि जेसीबीचा दात घराच्या कुडाला टेकायचाच काय तो बाकी होता.

बोईसरच्या नव्या रस्त्याला हे एकच घर आडवं येत होतं. मोठ्या साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "कोर्टाचं काही यायच्या आत उरकून टाका." चंद्रभान पडला हुकमाचा ताबेदार, बदलीच्या नुसत्या नावाला भिणारा.

त्याने मोबाईल हातात घेतला. वर कोर्टाचं नाव, खाली ठळक अक्षरांत आदेश, घर पाडू नये. चष्म्याशिवायही तेवढं वाचता येत होतं मेल्याला!

"चष्मा घरी राहिला," तो म्हणाला. "मला दिसत नाही."

"मी वाचून दाखवते."

"ऐकीव चालत नाही. कागद आणा." आणि त्याने जेसीबीवाल्याला हात केला.

कुडाचं घर ते, पडायला कितीसा वेळ? कौलं फुटली, वासे मोडले. मंगळीने तोंडाला पदर लावला. दीपा ओरडत राहिली, पण यंत्रापुढे कुणाला ऐकू जाणार?

धूळ बसल्यावर चंद्रभान जीपकडे निघाला. वाट ढिगाऱ्यावरूनच होती. कुणाच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती होईना. तेवढ्यात एका खरबरीत हाताने त्याचं मनगट धरलं. मंगळी! आता शिव्या देणार, त्याला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हलू चाला, सायेब. खिळे हायत. चष्म्याबिगर तुमाला दिसायचा नाय."

"आजी, सोड त्यांचा हात." दीपा त्याच्या नाकाकडे बघत होती. चष्म्याचे दोन लाल वळ तिथे अजून ताजे होते.

"गप गं. त्याला दिसला असता, तर पाडला असता का त्यानी घर?"

धरणीने पोटात घ्यावं, असं झालं चंद्रभानला. मग पायाने चाचपडत, आंधळ्यासारखा, तो तिच्या मागून चालू लागला.