पोरांच्या हातातल्या वाट्या

विचारणाऱ्याचं तोंड मिटायच्या आत उत्तर फेकायची थोरल्या लेकाची खोड मोठ्या आईला मुळीच खपत नसे. आज तर त्याने ताळतंत्रच सोडलं होतं. आरोग्य खात्याची बाई पातेल्यांच्या कडा कापसाने पुसून नमुने घेत होती, आणि हा तिच्या मागे मागे फिरत सगळं दूधवाल्याच्या माथी मारत होता. कस्टर्डचं दूध नासकं, माणूस लबाड, आमचा फ्रीज ठणठणीत.

दूधवाल्याला चौकशीसाठी दाराशी उभं केलं होतं. या घराने रांधलेल्या, हेडमास्तरांच्या निवृत्तीच्या मेजवानीतले निम्मे पाहुणे इस्पितळात होते. हेडमास्तरांची बायको सकाळीच दगावली होती.

घरात कुणी आजारी पडलं का, असं बाईने विचारलं. कुणीच नाही. भिंतीला टेकलेली मोठी आई ताठ झाली. तिला सहीपुरतीच अक्षरं येत, पण या जेवणावळींच्या धंद्याचा रिवाज तिनेच घालून दिला होता. पाहुण्यांच्या पातेल्यातलंच घरच्या पोरांच्या ताटात. आपल्या लेकराला जे चालत नाही ते परक्यापुढे जात नाही, तिने बाईला ठणकावून सांगितलं.

"मग कस्टर्डही खाल्लं पोरांनी?"

थोरल्याने तोंड उघडलं, पण या खेपेला त्याची बायको आधी बोलली. सरळ बाई, पोटात तेच ओठात.

"नाही हो. त्यांच्या हातातल्या वाट्या यांनीच काढून घेतल्या. म्हणाले, आज नको, विषाची परीक्षा कशाला?"

बाईच्या हातातला कापूस हातातच राहिला. सून एकेकाच्या तोंडाकडे बघत बसली.

थोरला आईच्या पायाशी येऊन बसला. आदल्या रात्री फ्रीज बंद पडला होता, तो पुटपुटला. ऐनवेळी अख्खं पातेलं ओतून दिलं असतं तर घराचं नाव गेलं असतं. आता तिनेच बाईला चार शब्द सांगावेत, तिचा शब्द कुणी मोडायचं नाही.

मोठ्या आईने पाय आखडून घेतले.

"चुकून वाढलं असतंस, तर या सरकारी पोरीपुढे मी पदर पसरला असता," ती म्हणाली. "तू कळून वाढलंस. ऊठ, त्या दूधवाल्याला घरी जाऊ दे आणि त्याच्या जागी तू उभा राहा."