सकाळचा धूप

"किती मुलं झाली तुला?" मलामा राबीने विचारलं आणि पेन कागदावर टेकवलं.

"एकच. हा मांडीवरचा," सासूने उत्तर दिलं. प्रश्न सुनेला होता. पण देलू आजीच्या अंगणात प्रश्न कुणालाही असो, उत्तर तिचंच.

सून झुलै चटईवर मान खाली घालून बसली होती. मांडीवर दोन वर्षांचा सादिकू. गोवर जाऊन तीन आठवडे झाले, तरी पोर पायावर उभं राहत नव्हतं. लाळ सारखी गळत होती. झुलै ती ओढणीने टिपायची आणि ओलं टोक घडी करून आत खोचायची.

राबी सोकोटो शहरातून आली होती; शिकलेल्या बाईला इथे मलामा म्हणत. हिरड्यांचा आजार लहान मुलांना कसा धरतो आणि गालापर्यंत कसा चढतो, याची पाहणी चालली होती. गावोगाव हिंडायचं, पोरांची तोंडं उघडायची, बॅटरी मारायची, दिसेल ते लिहायचं. पण डोळ्यांच्या आधी तिचं नाक कामाला लागायचं. त्या आजाराला वास असतो. एकदा आला की माणूस तो विसरत नाही.

इथे मात्र नाकाला काही कळेना. दारातल्या मातीच्या धुपाटण्यात धूप धुमसत होता, अंगणभर धूर होता.

"लग्न आहे का कुणाचं, इन्ना?" तिने आजीला विचारलं. "एवढा धूप, तोही सकाळी सकाळी?"

"का, आमचं घर घमघमू नये होय?" देलू हसली. "त्यापेक्षा माझ्या हिरड्या बघ, मलामा! दात कधीच गेले, हिरड्याच तेवढ्या राहिल्यात. कोलाची कडू बी किसून खाते, पण सोडत नाही."

राबीही हसली. "तुमच्या मग बघते. आधी बाळाच्या दाखवा."

"त्याला झोप आलीय गं. पुढच्या फेरीला बघ."

"पुढची फेरी पावसाळा संपल्यावर."

"मग तेव्हा बघ. तो काय पळून जातोय कुठं?"

झुलैने धुपाटण्याकडे पाहिलं. ते चार दिवस विझलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आतल्या खोलीत असाच धूप जळत होता. तेव्हाही सासू म्हणाली होती, बाहेरचं वारं लागलंय, कुणाला दाखवू नका. आधी थोरल्या पोरीच्या हिरडीतून रक्त आलं. मग गाल सुजला. मग गालच राहिला नाही. पुढे खोली सारवून झाली, चटया जाळून झाल्या. पण झाडायला आत गेलं की झुलैला धुपाखालचा तो दुसरा वास अजून यायचा. कोपऱ्यात कुणीतरी अर्धं तोंड झाकून बसलंय आणि आपण वळून बघायची वाट बघतंय, असं वाटायचं. ती वळायची नाही. पोर जिवंत असतानाही ती वळली नव्हती. पहिल्या मुलाला आईने नावाने हाक मारायची नाही, चारचौघांत जवळ घ्यायचं नाही, अशी रीत. पहिलं मूल आजीचं, निजायचंही आजीपाशीच. चांगल्या घरची बाई ही लाज जन्मभर पाळते, आणि झुलै चांगल्या घरची होती.

"बघू दिलं नाही, असं लिहिते मग," राबी म्हणाली आणि उठली. तिने एक चप्पल पायात घातली.

झुलै सादिकूला कडेवर घेऊन उठली. नमाजाआधी हातपाय धुवायची किटली उचलून तिने सगळं पाणी धुपाटण्यात ओतलं. निखारे चरचरले. सासूसमोर असं करणारी सून त्या गावाने पाहिली नव्हती.

धूर हळूहळू विरला. दुसऱ्या चपलेत जाणारा राबीचा पाय तिथेच थांबला.

वास आला होता.

तिने बॅटरी काढली. खालच्या दातांपाशी हिरडी राखाडी पडली होती, कडेने रक्त येत होतं. गाल नुकताच फुगायला लागला होता.

"अजून वेळ आहे. आज औषध सुरू झालं तर वाचेल. आजच. माझी मोटारसायकल बाहेरच आहे, दवाखान्यात चल."

"त्याला वारं लागलंय!" देलू ओरडली. "तिथं नेऊन काय होणार? लोक म्हणतील, ह्यांच्या रक्तातच खोट आहे!"

"घरात आधी कुणाला झालं होतं?" राबीने विचारलं.

देलूने सुनेकडे पाहिलं नाही.

"झालं होतं," झुलै म्हणाली. "मुलीला."

"कुणाच्या?"

"माझ्या. माझी पहिली."

राबीने कागदावरचा एकचा आकडा खोडून दोन केला. "नाव काय तिचं?"

झुलैने ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. दुसऱ्यांदा आला तो भलताच मोठा, अंगणापलीकडच्या कुणाला हाक मारावी तसा.

"हिंदातू!"

देलू आजीने दचकून आतल्या दाराकडे पाहिलं. बराच वेळ ती तिकडेच बघत राहिली. दारात कुणी आलं नाही.

मग तिने स्वतःच्या खांद्यावरचं कापड काढलं आणि सादिकूला सुनेच्या पाठीला घट्ट बांधलं.

"रोज रात्री मला विचारायची," ती म्हणाली, "आज तरी आईनं मला हाक मारली का?"