उभ्या गाडीचा वेग

करडी गाडी लांबच्या वळणावर दिसली, तसा हवालदाराने श्वास रोखला आणि वेग मोजणाऱ्या लेझर यंत्राचा चाप ओढला. नेम नंबरप्लेटीवर बरोबर बसला होता. पडद्यावर आकड्याऐवजी चार आडव्या रेघा उमटल्या. आजही.

"बघा साहेब, शंभरच्या पुढे आहे. डोळ्यांना दिसतंय, यंत्राला दिसत नाही."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते हवालदाराच्या तोंडाकडे पाहत होते.

"तीन आठवडे ही गाडी इथून जाते, आणि तीन आठवडे रेघाच. बाकी सगळ्यांचे आकडे येतात. तुझे हात कुणी ओले केलेत का, एवढंच सांग."

"साहेब, त्याने लेझर अडवणारं काहीतरी बसवलंय."

"असलं काही नसतं रे. मोबाईलवरच्या थापा आहेत सगळ्या. आज आकडा दाखव, नाहीतर उद्यापासून हे यंत्र दुसऱ्याच्या हातात."

हवालदाराला यंत्र जाईल त्याचं दुःख नव्हतं. ते का गेलं हे चौकीभर होईल, आणि चौकीतून घरी पोचायला कितीसा वेळ लागतो! परवा जेवताना बायकोनेही विचारलं होतं, "अहो, खरं सांगा, काही घेतलंबितलं नाहीत ना?"

तोवर करडी गाडी पार गोगलगाय होऊन जवळ आली होती. हवालदाराने हात आडवा करून ती कडेला घेतली. काच खाली झाली. इस्त्रीचा शर्ट, गॉगल, तोंडावर हसू.

"बोला हवालदारसाहेब. किती वेग होता माझा?"

हा प्रश्न तो नेमका विचारणार हे हवालदाराला माहीत होतं, आणि उत्तर काय आहे हे त्या गाडीवाल्याला माहीत होतं. साहेब मागे हाताची घडी घालून उभे होते. त्यांची स्वतःची पांढरी गाडी पुलाच्या सावलीपलीकडे, इकडे तोंड करून उभी होती. कुणाला सुगावा लागू नये म्हणून ते आज सरकारी गाडी सोडून आले होते. आत गारवा राहावा म्हणून इंजिन चालूच ठेवलं होतं.

हवालदार यंत्राकडे परतला. आता काय, गाडी सोडायची आणि मान खाली घालायची. आणि अचानक त्याला सकाळची चाचणी आठवली. ड्यूटी सुरू करताना रोज समोरच्या दिव्याच्या खांबावर नेम धरायचा. खांब हलत नाही, म्हणून शून्य यायला हवं. शून्य आलं की यंत्र ठीक. एवढी वर्षं तो हे न चुकता करत आला होता, दात घासल्यासारखं.

त्याने यंत्र तिवईवरून काढलं, करड्या गाडीच्या समोर वीस पावलं गेला आणि वळून नेम धरला. गाडी जागची हलत नव्हती. चाप ओढला.

चार आडव्या रेघा.

खांबावर धरला. शून्य. कडेला लावलेल्या स्वतःच्या मोटरसायकलवर धरला. शून्य. पुन्हा करड्या गाडीवर धरला. रेघा.

"अहो, उभ्या गाडीचा वेग मोजताय?" गाडीवाला हसला. "ऊन लागलं का तुम्हाला?"

"तुमची गाडी उभी आहे, एवढं साधं हे यंत्र सांगू शकत नाही," हवालदार म्हणाला. "थांबल्यावर ते बंद करायला विसरलात तुम्ही. नंबरप्लेटीमागे काय आहे ते आता खोलून बघू."

गॉगल उतरला. हसूही उतरलं. पण माणूस इतक्यात हार मानणारा नव्हता.

"खांब आणि फटफटी म्हणजे काय गाडी झाली? तुमचं यंत्रच बिघडलंय. कुठल्याही दुसऱ्या गाडीवर रेघाच येतील. लावता पैज?"

"त्यात काय," हवालदार म्हणाला. "साहेबांची गाडी उभीच आहे की." आणि त्याने यंत्र पांढऱ्या गाडीकडे वळवलं.

"थांब!" साहेब ओरडले. "माझी कशाला? झालं की सिद्ध. पुरे झालं."

"साहेब, एका मिनिटाचं काम. उद्या हे कोर्टात म्हणतील..."

साहेब ऐकायला थांबलेच नाहीत. चौकीचा जिनासुद्धा दोनदा थांबून चढणारा तो भारी माणूस पोट सावरत आपल्या गाडीकडे पळत सुटला. हवालदाराने यंत्रावरच्या नेमाच्या नळीला डोळा लावलेलाच होता. त्याला नंबरप्लेट दिसेना. दिसत होती ती फक्त साहेबांची घामाने भिजलेली, लांब लांब जाणारी पाठ. बोटाने चाप ओढला.

साहेब पोचले, वळले आणि नंबरप्लेट झाकून, धापा टाकत उभे राहिले. इकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

गाडीवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"किती आला हो?"

"अकरा," हवालदार म्हणाला. "यंत्र चांगलं आहे."